अडगळ आणि ठेव

नवरात्र तोंडावर आले की घराघरांतून माळ्यावरचे सामान खाली उतरते. शिडी लावली जाते, नाकाला रुमाल बांधला जातो आणि वर्षभर विस्मरणात गेलेल्या वस्तू बाहेरच्या खोलीत येऊन बसतात. काडी मोडलेली छत्री, मुलांची पाचवीची पुस्तके, बिघडलेल्या मिक्सरचे भांडे, कुणाच्या तरी मुंजीत आलेला स्टीलचा डबा. धूळ झटकून होते, ‘लागेल कधीतरी’ हा मंत्र म्हटला जातो आणि बहुतेक वस्तू पुन्हा माळ्यावर चढतात. आपल्या मध्यमवर्गीय घरांतले हे वार्षिक अनुष्ठान आहे. त्याला आवराआवर म्हणणे धाडसाचे ठरेल.

या सवयीला हसण्यापूर्वी तिचे मूळ पाहिले पाहिजे. आपल्या आधीच्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या, 1972 चा दुष्काळ सोसला, गॅस, टेलिफोन आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. ज्या काळात नवी वस्तू मिळण्याची शाश्वती नव्हती, त्या काळात जुनी टाकणे हा अविचारच होता. सुतळीचा तुकडा गुंडाळून ठेवणारी आजी कंजूष नव्हती, अनुभवी होती.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. मोबाइलवर बोट टेकवले की वस्तू दारात उभी राहते. घरे लहान, येणारे सामान अफाट. त्यात मुंबई, ठाणे, पुण्यातील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. चाळीस वर्षे पुढे ढकललेला निर्णय पंधरा दिवसांत घ्यावा लागतो आणि घाईतला माणूस एकच वाक्य बोलतो, ‘सगळे देऊन टाका!’

तीन वर्षांपूर्वी आमची इमारत रिकामी करताना हे वाक्य मीही बोललो. तीन पोती कागद रद्दीवाल्याला दिले आणि हलके वाटले. संध्याकाळी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने विचारले, “पत्र्याच्या ट्रंकेतल्या वह्या कुठे आहेत रे?” त्या माझ्या पणजोबांच्या रोजकीर्दी होत्या, मोडीत लिहिलेल्या. मला मोडी वाचता येत नसल्याने ते मला निरुपयोगी कागद वाटले होते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वीच जाऊन उभा राहिलो. दोन वह्या मिळाल्या, तिसरी गेली ती गेलीच. पुढे एका जाणकाराने त्या दोन वाचून दाखविल्या. तांदळाचा भाव, विहीर खणणाऱ्यांची मजुरी, मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज आणि ते फेडल्याची नोंद. तिसऱ्या वहीत काय होते, हे आता कुणालाच कळणार नाही. आईने मला बोल लावला नाही. तिने बोलायला हवे होते, असे अजून वाटते.

वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जे कागद मिळविले, ते बव्हंशी अशाच जुन्या घरांतून आलेले होते. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे 22 खंड उभे राहिले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही याच ध्यासातून. ज्यांनी ते कागद जपले त्यातील अनेकांना त्यांचे मोल ठाऊक नसेल. पण त्यांनी ते टाकले नाहीत.

जपानच्या मारी कोंदो यांचे आवराआवरीवरील पुस्तक 2011 साली निघाले आणि पुढे जगभर गाजले. ज्या वस्तूने मन प्रसन्न होते ती ठेवावी, टाकताना तिचे आभार मानावेत, असे त्या सांगतात. कृतज्ञतेचा हा भाव आपल्याला परका नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतो ती त्याच भावनेने. परंतु कागद जवळजवळ सर्वच टाकावेत, हा त्यांचा सल्ला आपण आंधळेपणाने घेऊ नये. त्या रोजकीर्दींनी मला कधी प्रसन्न केले नव्हते.

मग सर्वच जपावे का? मुळीच नाही. योगशास्त्राने पाच यमांत अपरिग्रहाची गणना केली आहे. मात्र जुने टाकून नवे विकत घेणे हा अपरिग्रह नव्हे, तो नुसता मालाचा खांदेपालट झाला. घरात तीन ढीग करावेत: वापराचे, देण्याचे आणि ठेवीचे. चौथा, ‘लागेल कधीतरी’चा ढीग करूच नये.

देण्याच्या वस्तू धुतलेल्या आणि धडक्या असाव्यात. फाटके आपल्या दारातून घालवणे हे दान नव्हे. 1999 साली सुरू झालेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतील कपडे ग्रामस्थांना त्यांच्या सामूहिक श्रमाचा मोबदला म्हणून देते. घेणाऱ्याचा मान राखणे म्हणजे काय, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

ठेवीची कसोटी अशी: तिची जबाबदारी घेणारा माणूस घरात आहे का? असेल तर ती ठेव, नसेल तर अडगळ. कागद असतील तर ते ग्रंथालयाला किंवा संशोधन संस्थेला विचारून द्यावेत. जे ठेवायचे त्यावर कुणाचे, केव्हाचे, कशासाठी अशी चिठ्ठी हवी. छायाचित्रांमागे पेन्सिलीने नावे लिहावीत. जुने कागद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नयेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये. स्वच्छ सुती कापडात बांधून, ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावेत. पेशवे दफ्तरातील कागदांच्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात, ते कापडात बांधण्याच्या याच पद्धतीवरून.

आणि सर्वांत आधी, शिडी लावण्यापूर्वी, घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एकेक वस्तू दाखवावी. वेळ लागेल, त्याच गोष्टी पुन्हा ऐकाव्या लागतील. माळा पुढच्या वर्षीही आवरता येईल. वस्तूंची नावेगावे सांगणारे माणूस तोवर असेलच असे नाही.