बोनस होता रे!

नववीत असताना तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत सेमीफायनलला आमच्या हायस्कूलच्या मॅचला पंच कोण होतं? आमचेच पीटीचे सर. ठरलेले पंच आलेच नव्हते, म्हणून आयोजकांनी ऐनवेळी सरांच्या हातात शिट्टी दिली. शेवटच्या चढाईत मी बोनस रेषा ओलांडली, मागचा पाय हवेत होता. सरांनी बोनस दिला नाही. आम्ही एका गुणाने हरलो.

परतताना एसटीत सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बोनस होता रे. पण दिला असता, तर सगळे म्हणाले असते, स्वतःच्या पोरांना वाचवलं."

माझा राग सरांवर नाही. राग आहे तो त्यांना तिथे उभं करणाऱ्या पद्धतीवर. पंच स्वतःच्याच शाळेचा असला की तो दोनच गोष्टी करू शकतो: पोरांना झुकतं माप देणं, नाहीतर आपण प्रामाणिक आहोत हे दाखवायला पोरांवरच अन्याय करणं. आणि त्याने अगदी बरोबर निर्णय दिला, तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार?

"शाळेच्याच तर मॅचेस, एवढं काय?" असं म्हणणाऱ्यांनी पुढच्या पायऱ्या बघाव्यात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. वरपर्यंत पोचलेल्यांना दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तालुक्यात हरलेल्या पोरासाठी हे सगळं त्याच दिवशी संपतं. तिथे ना कॅमेरा असतो, ना रिव्ह्यू. असते फक्त शिट्टी. आणि ती कुणाच्या हातात जाणार, हे मी पाहिलेल्या मैदानांवर आदल्या रात्रीच्या फोनवर ठरायचं: "सर, उद्या या ना, दोनच मॅचेस आहेत."

क्रिकेटने हा प्रश्न कधीच ओळखला. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत चक्क भारतीय पंच उभे होते: पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. २००२ पासून कसोटीत दोन्ही पंच तटस्थ देशांचे, हा नियमच झाला. कोविडच्या काळात तो सैल करावा लागला, ते सोडा. मुद्दा हा, की यजमान देशाचे सगळेच पंच लबाड होते असं कुणी म्हटलं नव्हतं. संशयाला जागाच नको, एवढंच म्हणणं होतं.

पंच कमी आहेत, मानधन तुटपुंजं आहे, क्रीडाशिक्षकांवर आधीच दहा कामं आहेत. सगळं मान्य. पण तटस्थ पंचासाठी जास्त पंच लागतातच असं नाही. दोन मैदानांवर दोन मॅचेस सुरू असतील, तर पंचांची अदलाबदल करा. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, तरी सांगतो, यासाठी अ‍ॅपसुद्धा नको. एका कागदावर तीन रकाने आखा: पंचाचं नाव, त्याची शाळा, मॅच कुणाची. दुसऱ्या रकान्यातली शाळा तिसऱ्यात दिसली, की नाव बदला. तो कागद आदल्या दिवशी सगळ्या शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. एखादा पंच आला नाही, तर मॅच तासभर उशिरा खेळवा.

पोरं तासभर थांबतील. मी तर त्या एका बोनससाठी अजून थांबलोय.