शीघ्रपतन : आजार घड्याळाने ठरतो का?

‘डॉक्टर, लवकर होतं,’ अशी तक्रार मांजरीतला तरुण करतो आणि इस्तंबूलमधलाही. पण दोघांना शीघ्रपतन असेलच, असे नाही.

निकष काय?
अमेरिकेच्या ‘डीएसएम-५’नुसार (२०१३) साधारण १ मिनिटात, इच्छेआधी वीर्यपतन, तेही किमान ६ महिने, जवळपास प्रत्येक वेळी आणि त्याचा मनस्ताप होत असेल तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’मध्ये मिनिटांचा आकडा नाही; ताबा आणि मनस्ताप पाहिला जातो.

‘नॉर्मल’ किती?
२००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच देशांतील ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावले. निम्म्या पुरुषांची वेळ ५.४ मिनिटांहून कमी भरली. तुर्कस्तानात हाच आकडा ३.७ होता. भारत त्यात नव्हता.

आपल्याकडे वेगळे काय?
‘वीर्य गेले, ताकद गेली’ ही भीती. त्यातून येणाऱ्या अशक्तपणाला डॉ. एन. एन. विग यांनी १९६०मध्ये ‘धात सिंड्रोम’ म्हटले. अशा रुग्णाला फक्त मिनिटे विचारली, तर निदान चुकते.

मग काय करावे?
‘पॉवर’ वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. त्यांना भुलू नका. शीघ्रपतनावर उपचार आहेत आणि भीतीवरही. डॉक्टरांना दोन्ही सांगा.