आठवी खुर्ची रिकामी नको

खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पुण्यात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, लसींचे कारखाने आहेत, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसारखी नामांकित प्रयोगशाळा आहे. संशोधनासाठी प्राणी वापरायचे, तर अशा कोणत्याही संस्थेला आधी आपल्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे अर्ज ठेवावा लागतो. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९९८ मध्ये झालेल्या नियमांत या समितीचे मूळ आहे. तिच्यात आठ जण असतात. एक जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या जीवशास्त्रीय शाखांतले दोन शास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि प्राणिगृहाचा प्रमुख हे पाच संस्थेतले. त्यांच्या जोडीला बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ, केंद्रीय देखरेख समितीचा प्रतिनिधी आणि शेवटी समाजभान असलेला एक बिगरशास्त्रज्ञ. बैठकीची गणपूर्ती सहा जणांची, आणि त्यांत केंद्रीय प्रतिनिधी हवाच. म्हणजे संस्थेतले पाच आणि तो प्रतिनिधी एवढे जमले की बैठक वैध ठरते. बिगरशास्त्रज्ञाची हजेरी सक्तीची आहे ती वर्षातून किमान एका बैठकीला, आणि केंद्रीय समितीकडे पाठवायच्या प्रस्तावांच्या वेळी. समाजाला दिलेली ही एकुलती एक खुर्ची एरवी रिकामी राहिली तरी चालते. हे बदलायला हवे.

समितीपुढचा प्रश्न निव्वळ विज्ञानाचा असता, तर या रचनेबद्दल तक्रार करायचे कारण नव्हते. पण उंदराला कर्करोगाच्या पेशी टोचल्या, तर गाठ किती वाढेपर्यंत त्याला जिवंत ठेवायचे? आजार बळावला की त्याची पाठ कुबडासारखी वर येते, केस पिंजारतात, डोळे अर्धवट मिटतात. यातल्या कोणत्या टप्प्यावर प्रयोग थांबवून त्याला वेदनेतून सोडवायचे? गाठीचे माप शास्त्रज्ञ सांगेल, उंदराची अवस्था पशुवैद्य सांगेल. मिळणाऱ्या ज्ञानासाठी एवढी वेदना रास्त आहे का, याचे उत्तर मात्र कोणत्याही पदवीच्या अभ्यासक्रमात नसते. प्रयोग काळजीने आणि माणुसकीने व्हावेत, अशी १९६० च्या कायद्याची अपेक्षा आहे. माणुसकीचा निवाडा करायचा तर त्यात चारचौघांतला माणूसही बसलेला हवा.

प्राण्यांवर काम करणारे शास्त्रज्ञ निष्ठुर असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण रोज पाहून नजर सरावते, आणि आज ज्याचा अर्ज आपण तपासतो तोच उद्या आपला अर्ज तपासणार असतो. हा दोष माणसांचा नाही, रचनेचा आहे, आणि तो आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतल्या बड्या संशोधन संस्थांच्या समित्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ६७ टक्के सदस्य स्वतः प्राण्यांवर प्रयोग करणारे आणि आणखी १५ टक्के प्रयोगशाळांतले पशुवैद्य निघाले. त्याआधी २००१ मध्ये तिथल्याच ५० समित्यांचे १५० प्रस्ताव दुसऱ्या समित्यांना पुन्हा तपासायला दिले, तेव्हा दोन समित्यांचे मत जुळण्याचे प्रमाण योगायोगापेक्षा फारसे अधिक नव्हते. म्हणजे केवळ तज्ज्ञ एकत्र बसवल्याने निर्णयाला खात्री येते, असे मानायला आधार नाही.

आपल्याच देशात माणसांवरच्या औषधचाचण्यांचा नियम पाहा. २०१९ च्या नियमांनुसार तिथल्या नीतिमत्ता समितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे लागतात, अध्यक्षही बाहेरचाच लागतो, आणि सामान्य नागरिकाच्या हजेरीशिवाय गणपूर्तीच होत नाही. चाचणीत भाग घेणारा माणूस प्रश्न विचारू शकतो, संमतिपत्रावर सही नाकारू शकतो, मध्येच बाहेर पडू शकतो. उंदराला यातले काहीच करता येत नाही. ज्याला स्वतःसाठी बोलता येते त्याच्या बाजूला नागरिक सक्तीचा, आणि ज्याला बोलताच येत नाही त्याच्या बाजूला तो ऐच्छिक, याचे समर्थन कसे करायचे?

यावर पहिला आक्षेप असा की, सामान्य माणसाला विज्ञान काय कळणार? पण जो प्रयोग मराठीत दोन पानांत समजावून सांगता येत नाही, त्याची गरज संस्थेला स्वतःला तरी स्पष्ट झाली आहे का, अशी शंका घ्यायला जागा उरते. दुसरा आक्षेप विलंबाचा. पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेने २०२० मध्ये कोव्हॅक्सिन २० ऱ्हीसस माकडांवर, पाच-पाचच्या चार गटांत तपासली. माकडांसारख्या मोठ्या प्राण्यांवरच्या प्रयोगांना केंद्रीय समितीची परवानगी लागते, म्हणजे बिगरशास्त्रज्ञाची हजेरी आजही सक्तीची आहे तो हाच वर्ग. तरीही साथीच्या धामधुमीत त्याच वर्षी निष्कर्ष हाती आले. तिसरा आक्षेप, केंद्राचा प्रतिनिधी असतोच की. पण तो नियमांची राखण करतो. शेजारपाजाऱ्यांच्या मनातला प्रश्न विचारणे हे त्याचे काम नाही.

स्वीडनच्या विभागीय समित्यांत शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक समसमान असतात. ऑस्ट्रेलियात प्राणिकल्याणाचे प्रतिनिधी आणि स्वतंत्र नागरिक मिळून किमान एक तृतीयांश लागतात. आपण निदान दोन बिगरशास्त्रज्ञ घ्यावेत आणि त्यांच्यातल्या एकाशिवाय बैठक भरू नये. अशी माणसे शोधायला लांब जायला नको. खडकवासला २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले, तरी गोठे आणि बैल ओळखणारी माणसे या भागात अजून आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळणाऱ्याला, म्हशीने रवंथ थांबवला की दुखणे ताडणाऱ्या बाईला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षकाला या खुर्चीवर बसवा. अर्जाचा सारांश त्यांना मराठीत द्या आणि त्यांनी विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदवा. प्रयोगांचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो. त्यासाठी एखादा जीव किती सोसणार हे ठरताना समाजाचा माणूस हजर असणे, हे आपले त्या जिवांशी असलेले किमान देणे आहे.