नव्या चालकाच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील नागरिकांना जाहीर आवाहन



दसरा तोंडावर आला आहे. मुहूर्ताच्या गाड्यांचं बुकिंग घरोघरी चाललं असेल. कुणाच्या टोमॅटोला यंदा भाव लागला, कुणाला कांद्यानं हात दिला, कुणाचा मुलगा चाकणला कंपनीत लागला. पहिली चारचाकी दारात येते, हार घालून ओझरला नाहीतर लेण्याद्रीला नेली जाते, त्याचा आनंद मलाही होतो. फाट्यावर उभं राहून एसटीची वाट बघण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्या घरी स्वतःची गाडी येणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त रंग आणि मॉडेल ठरवताना आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत ठरवा : पहिले सहा महिने स्टिअरिंगवर कोण बसणार आणि त्याच्या शेजारी कोण बसणार.

मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त आहे. पुणे-नाशिक रस्ता, माळशेजचा घाट, भीमाशंकरची वाट, सगळीकडे गाडी नेली. एसटीच्या उंच सीटवरून पुढच्या गाडीतला चालक नवा की मुरलेला हे लांबूनच कळतं. नवा माणूस बॉनेटकडे बघून गाडी चालवतो, आरशात बघत नाही, आणि घाबरला की पहिल्यांदा हॉर्नवर हात ठेवतो, ब्रेकवर पाय नंतर जातो. हल्ली सकाळी गावातल्या शिकाऊ मुला-मुलींच्या शेजारी बसतो. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे लर्निंग लायसन्स असलेल्या माणसाला एकट्यानं गाडी चालवता येत नाही. त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी हवा, आणि गरज पडली तर गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. मागच्या सीटवर झोपलेले काका त्यात धरले जात नाहीत. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, पाटी निदान अठरा सेंटिमीटर चौरस. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला बसण्यापूर्वी तीस दिवस थांबावं लागतं आणि लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं.

आता ज्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही ते. ड्रायव्हिंग स्कूलनं खाजगी गाडीसाठी निदान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर निदान दहा तास शिकवावं, हे नियमात लिहिलेलं आहे. पण खाजगी गाडी शिकणाऱ्यानं स्कूलमध्ये गेलंच पाहिजे, अशी सक्ती कायद्यात नाही. मालवाहू-प्रवासी गाडीसाठी स्कूलचा दाखला लागतो, घरच्या गाडीला लागत नाही. चुलतभावानं दोन दिवस माळावर फिरवलं, तिसऱ्या दिवशी मंचरपर्यंत नेली, एकतिसाव्या दिवशी चाचणी दिली, तरी कायद्यानं चालतं. शेजारी बसणाऱ्यानं किती तास बसावं, रात्री बसावं की नाही, हेही कुठं सांगितलेलं नाही. म्हणून माझं मागणं सरळ आहे. सरकार सक्ती करील तेव्हा करील, आपल्या दोन तालुक्यांत ती सक्ती आपण आपल्या घरापुरती आजपासून लावून घेऊ या.

‘आमच्या पोराला येतीच की गाडी, सातवीपासून ट्रॅक्टर हाणतोय’ हे मी पुष्कळ बापांच्या तोंडून ऐकलं आहे. ट्रॅक्टर येतो ही खरी कला आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण वावरातला ट्रॅक्टर हळू चालतो, पुढं सरी असते आणि समोरून कुणी येत नसतं. तोच हात बायपासवर ऐंशीला जातो तेव्हा डोळ्यांना लांबचं बघण्याची सवय नसते. ट्रॅक्टरवाल्या मुलांना क्लच-गिअरची भीती नसते, त्यामुळे ती लवकर वेग घेतात. माझ्या मते शेजारी माणूस सगळ्यांत जास्त त्यांनाच लागतो.

स्कूलमध्ये पाठवलं म्हणजे झालं, असंही समजू नका. एका गाडीत तिघे-चौघे शिकाऊ घेऊन सकाळची फेरी निघाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. बाकी वेळ तो मागं बसून दुसऱ्याचं बघतो. शिवाय स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा क्लच आणि ब्रेक असतो. तो हवाच, नियमानंही लागतो. पण शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपण थांबवली, आणि प्रत्यक्षात ती शेजारच्या पायानं थांबलेली असते. पंधरा दिवसांनी घरच्या गाडीत बसल्यावर तो पाय शेजारी नसतो. म्हणून पालकांनो, फी भरताना एवढं विचारा की माझ्या मुलीला स्वतः चालवायला किती तास मिळाले. स्कूलला प्रत्येक विद्यार्थ्याच्या चालवण्याच्या तासांची नोंदवही ठेवावी लागते. ती बघायला मागा. दहा तास भरले नसतील तर भरून घ्या. आणि स्कूलवाल्यांनो, तुमच्यातले कितीतरी जण प्रामाणिकपणे शिकवतात हे मला माहीत आहे. कमी फीच्या चढाओढीत तास कापू नका. पूर्ण तासांची पूर्ण फी सांगा, आम्ही गावात तुमच्या बाजूनं बोलू.

पण दहा तासांत जुन्नर-आंबेगावचा रस्ता शिकून होत नाही. बंधाऱ्यावरची अरुंद वाट, घोडेगावच्या पुढं डिंभ्याकडं चढत जाणारी वळणं, ओतूरकडून माळशेजला जाताना पावसाळ्यातलं धुकं, आळेफाट्याला चारी बाजूंनी अंगावर येणारी वाहनं, बायपासला दुभाजकाच्या फटीतून अचानक निघणारी दुचाकी. स्कूलची गाडी सकाळच्या उजेडात गावाभोवती फिरते, यातलं बरंचसं तिच्या वाटेवर येतच नाही.

त्यातही ऊस. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांची धुराडी पेटली की चार-पाच महिने रस्त्याचं रूप बदलतं. संध्याकाळी सात वाजलेत असं धरा. पुढं दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर आहे, ऊस बाजूंनी बाहेर आलेला. मागचा दिवा असला तर वाढ्यांमागं झाकलेला. समोरच्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांत येतो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. नवा चालक इथं हमखास दोन चुका करतो. एक म्हणजे ट्रेलरला अगदी चिकटतो, त्यामुळे पुढचा रस्ताच दिसत नाही. दुसरं, पुढची गाडी निघाली म्हणून तिच्या मागोमाग आपणही बाहेर काढतो. दोन ट्रेलर मिळून केवढी लांबी होते, ती ओलांडायला किती वेळ लागतो, याचा अंदाज पुस्तकात मिळत नाही. शेजारी बसलेल्यानं त्या वेळी शांतपणे ‘मागं राहा, डिपर दे, घाई नाही’ एवढंच म्हणायचं असतं. दहा-बारा वेळा असं झालं की पुढच्या वेळी मुलगा आपणहून मागं राहतो. मी हे होताना पाहिलं आहे.

१७ जानेवारी २०२५ ला नारायणगावजवळ पाठीमागून टेम्पोची धडक बसली आणि प्रवासी गाडी उभ्या एसटीवर जाऊन आदळली. नऊ माणसं गेली. तो अपघात नवशिक्याचा होता असं मी म्हणत नाही. ज्या रस्त्यावर आपण पोरांना एकटं सोडतो तो कसा आहे, ते विसरू नये म्हणून आठवण करून दिली. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली.

आणखी एक बाब शेतकऱ्यांच्या घरात बोलली गेली पाहिजे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्याला वेगळी नोंद लागत नाही. गरीब चालकाच्या पोटापाण्याच्या दृष्टीनं निकाल चांगला आहे. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ असा होतो की महिन्यापूर्वी लहान गाडीवर चाचणी दिलेला मुलगा टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप घेऊन रात्री वाशीला निघू शकतो. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, वळणावर माल कलतो, ब्रेक तापतात. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, चाचणीत विचारलेलं नसतं. पट्टीचे चार पैसे वाचवण्यासाठी पोराला एकट्याला मालावर पाठवू नका. पहिल्या काही खेपा जाणता चालक सोबत द्या आणि त्याला त्याची मजुरी द्या.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलांबद्दल तर मी हात जोडून सांगतो. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते गाडीखाली गेले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे चालवणारा सतरा वर्षांचा होता. तेव्हा आपण सगळे त्याच्या श्रीमंत बापावर चिडलो. आपल्या आळीत नववीतला मुलगा गाडी घेऊन दूध घालायला जातो, तेव्हा मात्र आपण त्याला हुशार म्हणतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसेल तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. त्यात एखाद्याची जमीन जाईल.

आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आता परदेशात आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीकडे कुणाचा भाचा असेल तर त्याला विचारा. तिथं पंचवीस वर्षांच्या आतल्या शिकाऊ चालकाला १२० तास जाणत्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवावी लागते, त्यातले वीस तास रात्रीचे, आणि प्रत्येक फेरी वहीत लिहावी लागते. जर्मनीत स्कूलच्या तासांखेरीज गावाबाहेरच्या रस्त्यावर, महामार्गावर आणि अंधारात अशा बारा खास फेऱ्या सक्तीच्या आहेत. त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा सरळ, पट्टे आखलेले. तरी ते एवढं करतात.

आपण १२० म्हणत नाही. स्कूलचे दहा तास पूर्ण, आणि त्यानंतर घरच्या माणसाला शेजारी बसवून चाळीस तास. आठवड्याला अडीच तास धरले तर चार महिन्यांत होतात, आणि लर्निंग लायसन्स सहा महिने चालतंच. एकतिसाव्या दिवशी चाचणीला पळण्याची कुणाला घाई नाही. चाळीसपैकी दहा तास अंधारात, काही पावसात, काही ऊस चालू असताना, आणि एकदा तरी घाटात. साधी शंभर पानी वही करा : तारीख, कुठून कुठं, किती वेळ, काय चुकलं. खाली शेजारी बसलेल्याची सही.

शेजारी कसं बसायचं तेही सांगतो. फोन खिशात ठेवायचा. उजवा हात हँडब्रेकजवळ ठेवायचा. ओरडायचं नाही, कारण ओरडलं की शिकणारा तुमच्याकडं बघतो आणि रस्त्यावरची नजर सुटते. सूचना वळणाच्या आधी द्यायची, वळणात नाही. विहिरीत पोहायला शिकवताना आपले आजोबा कंबरेला दोर बांधून काठावर उभे राहायचे, दोर कधी सैल सोडायचा आणि कधी ताणायचा हे त्यांना कळायचं. तसंच बसायचं. आणि ज्यानं घेतली आहे त्यानं शेजारी बसूच नये, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

मुलींना आणि सुनांना या चाळीस तासांत मागं ठेवू नका. माझ्या पाहण्यात स्कूलमध्ये नेमानं जाणाऱ्या, सगळ्यांत लक्ष देऊन शिकणाऱ्या बायकाच असतात, आणि लायसन्स मिळाल्यावर गाडी हाताला न मिळणाऱ्याही त्याच. वर्षभर लायसन्स कपाटात राहिलं तर शिकलेलं विसरतं. मग रात्री सासऱ्यांना नारायणगावला दवाखान्यात न्यायची वेळ आली की तिनं काय करायचं?

रस्त्यावरच्या सगळ्यांना एक विनंती. पुढं ‘एल’ दिसला की हॉर्न वाजवू नका, कट मारू नका. चढावर त्याची गाडी बंद पडली तर अर्धा मिनिट थांबा. लोक हसतात म्हणून कितीतरी मुलं तो बोर्ड काढून टाकतात आणि तेच जास्त धोक्याचं असतं. कारखान्यांच्या संचालक मंडळांना विनंती की गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रेलरला मागं रिफ्लेक्टर आणि चालू दिवा असल्याशिवाय गव्हाणीकडं सोडू नका.

२ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा आहे. त्या दिवशी तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्याव्यात, असं सरपंच आणि ग्रामसेवकांना आग्रहानं सांगतो. बाजारतळ किंवा शाळेजवळचं एखादं मैदान सकाळी सहा ते आठ शिकाऊ चालकांसाठी मोकळं ठेवावं आणि तिथं फक्कीनं वळणं, पार्किंगच्या रेषा आखून द्याव्यात. गावातल्या निवृत्त एसटी, लष्कर आणि ट्रक चालकांची यादी करावी. ज्या घरात शेजारी बसायला माणूस नाही तिथं त्यांनी आळीपाळीनं बसावं, मी माझं नाव पहिलं देतो. आणि आरटीओचा कॅम्प तालुक्याला लागेल तेव्हा चाचणीला जाणाऱ्या प्रत्येकानं आपली चाळीस तासांची वही ग्रामपंचायतीत दाखवून जावं. कायद्यानं तिची गरज नाही, पण गावानं विचारलं तर पोरं लिहितील.