टँकरवर पाटी, मॅनहोलवर का नाही?

घातक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ९ वर्ग पाडले आहेत आणि पदार्थांना चार आकडी क्रमांक दिले आहेत. हायड्रोजन सल्फाईडचा क्रमांक १०५३, वर्ग २.३ म्हणजे विषारी वायू, शिवाय ज्वलनशील. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार असा माल नेणाऱ्या टँकरवर धोक्याची पाटी आणि चालकाला प्रशिक्षण सक्तीचे आहे. ते योग्यच आहे.

आमचा प्रश्न वेगळा आहे. हाच वायू गटारात साचतो. तिथे ना पाटी, ना क्रमांक, ना प्रशिक्षण. तिथे कमरेला दोरी बांधून उतरवला जातो तो बहुतेक वेळा आमचाच माणूस. २०१३ चा कायदा याला मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तरी माणसे मरतातच, आणि कागदावर लिहिले जाते, 'गुदमरून मृत्यू'. म्हणजे गुन्हेगार कोणीच नाही!

वायू तोच, मग नियम दोन का? कारण इथे धोक्याचे वर्गीकरण रसायनशास्त्र करत नाही, जात करते. आम्हाला नुसती भरपाई नको. गटारात यंत्र उतरवा, माणूस नको. आणि माणूस उतरवणाऱ्या ठेकेदारावर व अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदवा.

जयभीम!