उपयोग होतोय का, हे विचारायला हवे



यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा आहे, हे सगळ्यांना दिसत होते. तरीही त्याला काय हवे आहे, ते प्रभू येशूने आधी त्यालाच विचारले. मानसोपचार करणाऱ्यांना आपले काम अधिक परिणामकारक करायचे असेल, तर त्यांनीही समोरच्याला विचारत राहावे, आणि तेही दर भेटीत, असे आम्हाला वाटते.

वर्षे गेली की हात बसतो, असे आपण धरून चालतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १७० उपचारकांचे साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले. अनुभव वाढला तसे परिणाम सरासरीने सुधारले नाहीत, उलट किंचित घसरले. त्याआधी २००५ च्या एका अभ्यासात ५५० जणांपैकी फक्त ३ जणांची स्थिती बिघडेल, असा उपचारकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. ही माणसे निष्काळजी नव्हती. त्यांना ते दिसलेच नाही.

हे दिसावे म्हणून स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन यांची एक अगदी साधी चिठ्ठी आहे. तिच्यावर दहा सेंटिमीटरच्या चार रेघा असतात. भेटीच्या सुरुवातीला रुग्ण आपला आठवडा कसा गेला त्याची खूण करतो. शेवटी दुसऱ्या चिठ्ठीवर, आज माझे ऐकून घेतले गेले का, याची. एक-दोन मिनिटांचे काम.

आपल्याकडे याची गरज जास्तच आहे. डॉक्टरांना (आणि फादरांनाही!) तोंडावर 'फरक पडत नाही' असे आपण सांगत नाही. 'बरं वाटतंय' म्हणतो आणि पुढच्या वेळी जातच नाही. घरचे म्हणतात, प्रार्थना कमी पडली. खचलेल्या माणसावर हा आणखी एक भार. तेव्हा चिठ्ठीवर सगळ्या खुणा उजव्या टोकाला दिसल्या, तर उपचारकाने खूश होऊ नये. काय चुकतेय ते पुन्हा विचारावे आणि ऐकताना स्वतःचा बचाव करू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. बोलू लागले ते स्वतःचेच खरे करायला.

आपल्या धर्मग्रामातून कोणी उपचारांना जात असेल, तर 'जातोस ना?' एवढ्यावर आपण थांबू नये. उपयोग होतोय का, तेही विचारावे. होत नसेल, तर मध्येच सोडण्याआधी हे उपचारकालाच सांगायला धीर द्यावा. हवे तर पहिल्यांदा सोबत जावे आणि बाहेरच्या बाकावर बसावे.