पंप मजुराच्या पाठीवर, जबाबदारी कोणाची?

फवारणीत विषबाधा झाली की गावात एकच बोलणे ऐकू येते, 'मजुराने काळजी घेतली नाही.' हे मला पटत नाही. औषध कास्तकार आणतो, कोणते आणायचे ते बहुतेक वेळा दुकानदार सांगतो आणि पंप पाठीवर घेतो तो तिसराच. डब्यावरचा त्रिकोण लाल की पिवळा, हे त्याने पाहिलेलेही नसते. मजुरी पंपाच्या हिशेबाने मिळते, मग वारा फिरला म्हणून तो थांबेल कशाला? (आमच्या शिबिरांना येतात तेही कास्तकारच. मजूर त्या वेळी कामावर असतो.)

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, त्यात पॉवर पंपाचा बारीक फवारा सरळ तोंडावर. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी औषधे पोटात गेली तरच बाधतात असे नाही. ती कातडीतूनही भिनतात. सदरा औषधाने भिजला की नुसते तोंडाला फडके बांधून काय उपयोग?

फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे हवेत, असे कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात. ते ज्याचे वावर त्यानेच घेऊन द्यावेत. भर उन्हात प्लास्टिकचा कोट सोसवत नाही, हे मजुरांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून फवारणी सकाळी लवकर उरकावी.

डोळ्यांपुढे अंधारी, लाळ, मळमळ, हातपाय थरथरणे यांपैकी काहीही दिसले की काम थांबवा, कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत द्याच. वर सांगितलेल्या औषधांवर ॲट्रोपीन देतात, दुसऱ्या गटातल्या औषधाला उपचार वेगळा. नाव कळले नाही तर डॉक्टरांनी अंदाज तरी किती बांधावा?

आणखी एक गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ते सातबारावर नाव असलेल्याला किंवा त्याच्या घरातल्या एकाला. भूमिहीन मजूर त्यात बसत नाही आणि फवारतो तर तोच. येत्या ग्रामसभेत गावातल्या फवारणी करणाऱ्यांची यादी करा आणि मजुरांनाही योजनेत घ्यावे, असा ठराव करून तालुक्याला पाठवा.